एका नोंदीतलं दुसरं नाव

आमच्या कॉलेजात कुणाचा शोधनिबंध तयार झाला की तो छापायला जाण्याआधी माझ्याकडे येतो. मी ग्रंथपाल. शास्त्रातलं मला फार कळत नाही आणि कळतं असा आवही मी आणत नाही. पण निबंधाच्या शेवटी संदर्भांची जी यादी असते, ती माझी. आडनाव आधी की नाव आधी, आद्याक्षरांमध्ये टिंब हवं की नको, साल कंसात की बिनकंसाचं, जर्नलचं नाव तिरप्या टाईपात की साध्या, खंडाचा आकडा ठळक की बारीक. प्रत्येक जर्नलचे नियम वेगळे, आणि प्रत्येकाला आपलेच नियम शहाणे वाटतात. प्राध्यापक मंडळी या कामाला जाम कंटाळतात. "बाई, तेवढं शेवटचं बघून टाका की," म्हणून फाईल पाठवतात आणि मोकळी होतात. मग मी बसते निवडत.

हल्ली यासाठी सॉफ्टवेअर असतं, हे मलाही माहीत आहे. एक कळ दाबली की सगळी यादी हव्या त्या साच्यात जाऊन बसते. पण त्याला जे खायला घालाल तेच ते वाढणार. एका मुलीच्या यादीत 'आणि इतर' हे गृहस्थ स्वतंत्र लेखक म्हणून आले होते, आद्याक्षरासकट. ती मुलगी तीच यादी घेऊन विद्यापीठात निघाली होती. तेव्हापासून मी एक पद्धत धरली आहे. प्रत्येक नोंद मूळ छापील पानाशी ताडून बघायची, आणि मूळ पान समोर असल्याशिवाय बरोबरची खूण करायची नाही. मुलं मागे मला खवचट म्हणतात. म्हणू देत. संदर्भ म्हणजे पत्ता असतो. पत्ता चुकला तर शोधणारा भलत्याच गल्लीत फिरत बसतो, आणि शिव्या लिहिणाऱ्याला पडतात.

गेल्या वर्षी आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांचा निबंध आला. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. राजारामपुरीत त्यांचा फ्लॅट आहे. खाली कोचिंग क्लास, त्याच्या बाजूला दातांचा दवाखाना. मी नोकरीला लागले तेव्हा सर विभागप्रमुख होते. गडमुडशिंगीहून रोज बसनं येणारी, साडीला सतरा पिना लावलेली मी, पहिल्या आठवड्यात कपाटांच्या मधे उभी राहून रडत होते. कुणीतरी मुद्दाम, माझ्या कानावर पडेल असं, "आता लायब्ररीत पण यांचीच भरती" असं म्हटलं होतं. सरांनी काही समजूत घातली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून स्वतःची पुस्तकं स्वतः न्यायला यायला लागले आणि सगळ्यांच्या देखत मला "ग्रंथपाल मॅडम" म्हणायला लागले. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत मग तेच नाव रूढ झालं. त्यामुळे सरांची फाईल आली की मी बाकी सगळं बाजूला ठेवते.

निबंध दवबिंदूवर होता. पन्हाळ्याच्या पलीकडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पावसाळ्यात ही इवलीशी लालसर वनस्पती उगवते. तिच्या पानांवर चिकट थेंब असतात, त्यांत चिलटं अडकतात आणि ती त्यांना जिरवून टाकते. सरांनी सगळा जन्म या झाडामागे घालवला. "हा माझा शेवटचा," ते फोनवर म्हणाले, "गुडघे आता सड्यावर जाऊ देत नाहीत." मी म्हटलं, "सर, हे तुम्ही मागच्या निबंधालाही म्हणाला होता." ते हसले. पण या वेळी आवाजात काहीतरी घाई होती.

यादी तपासायला घेतली. एकेक नोंद मूळ पानाशी लावत गेले. मधेच सरांच्याच एका जुन्या टिपणाची नोंद आली. इथल्याच एका निसर्गप्रेमी मंडळाची छोटी पत्रिका निघायची, ती बंद पडूनही जमाना झाला. तिच्यात सरांचं ऐन तरुणपणीचं हे टिपण. सरांनी नोंदीत लेखक म्हणून दोन नावं लिहिली होती. आमच्याकडे त्या पत्रिकेचे बांधीव अंक आहेत. मी मागच्या खोलीत जाऊन, डांबरगोळ्यांच्या वासात, तो अंक काढला. छापील पानावर नाव एकच होतं, सरांचं. मी दुसरं नाव खोडलं, बाजूला 'मुळात एकच लेखक' असा शेरा लिहिला आणि फाईल परत पाठवली.

दोन दिवसांनी फाईल आली. नाव 'फायनल'. नोंदीत पुन्हा दोन नावं. वाटलं, सरांनी चुकून जुनीच प्रत उघडली असेल. पुन्हा खोडलं. मग 'फायनल दोन' आली. माझ्या बाकीच्या सगळ्या दुरुस्त्या सरांनी निमूट मान्य केल्या होत्या. टिंबं, स्वल्पविराम, सगळं जागच्या जागी. फक्त त्या एका नोंदीत दुसरं नाव पुन्हा येऊन बसलं होतं. आता मात्र डोकं तापलं. कंटाळलेला माणूस चुकतो, तो कुठंही चुकतो. हे असं एकाच ठिकाणी नेमानं चुकणं मला काही सरळ दिसेना. संध्याकाळी स्कूटर काढली आणि तो बांधीव अंक पिशवीत घालून राजारामपुरीत गेले.

सरांनी दार उघडलं. पिशवीतनं अंक निघताना बघूनच त्यांचा चेहरा पडला.

"सर, हे दुसरं नाव कुणाचं?"

"माझ्या मित्राचं."

"पण छापलेलं नाही."

"नाही."

"मग नोंदीत कसं येणार?"

खालून क्लासमधल्या पोरांचा एकसुरात सूत्रं म्हणण्याचा आवाज येत होता. सरांनी उठून खिडकी लावून घेतली. मग सांगायला लागले ते थांबलेच नाहीत.

दोघं एकाच वेळी आमच्या कॉलेजात तासावर शिकवायला लागले होते. सर कोल्हापुरातले, मित्र कबनूरचा. मित्राचं घर सुताच्या व्यापारातलं, दारात माग. एकाच स्कूटरवर सड्यावर जायचे, एकाच डब्यात जेवायचे. दवबिंदूचं काम दोघांनी मिळून केलं. मोजमापं मित्राची, चित्रं मित्राची, लिखाण सरांचं. टिपण तयार झालं त्याच सुमारास कॉलेजात कायमची एक जागा निघाली. जागा एक आणि उमेदवार हेच दोघं. एकट्याच्या नावावरचा लेख असला की मुलाखतीत वजन पडायचं. टिपण टपालात टाकायला सर गेले होते.

"टाकण्याआधी पहिलं पान बदललं," सर म्हणाले. "तिथंच, टपाल कचेरीच्या बाकड्यावर बसून नवीन पान लिहिलं."

जागा सरांना मिळाली. अंक छापून आला तेव्हा मित्रानं विचारलं. सरांनी सांगितलं, संपादकानं तुझं नाव गाळलं. मित्र काही बोलला नाही. त्यानंतर कधीच बोलला नाही. कबनूरला जाऊन भावाचे माग सांभाळायला लागला.

मी ऐकत होते आणि मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटत होत्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या. ज्या माणसानं मला सगळ्यांसमोर मान दिला त्यानं हे केलं, याचा संताप. आणि सत्तरी ओलांडलेला हा माणूस एका नोंदीत चोरून एक नाव घालतो आहे, आपण ते खोडतो आहोत आणि तो पुन्हा घालतो आहे, याचं वाईट. सर इतके केविलवाणे मी कधी बघितले नव्हते.

"यादीत तरी असू दे हो मॅडम. कोण बघायला जातंय तो अंक?"

"मी बघितला ना."

"तुमच्यासारखं कोण आहे?"

"सर, हे खोटं होईल. आधी एक नाव काढून खोटं केलं, आता घालून करायचं." बोलून गेले आणि जीभ चावली. पण सरांनी पटल्यासारखी मान हलवली. पत्रिका बंद, संपादक हयात नाहीत, दुरुस्ती छापायची तरी कुठं? ऋणनिर्देशात नाव घाला म्हटलं, तर सर चिडले. म्हणाले, "तिथं मी टायपिस्टचे आणि जीपच्या ड्रायव्हरचे आभार मानलेत. त्यांच्या रांगेत त्याला बसवू?"

तेव्हा मला माझं ज्ञान पाजळायची सुरसुरी आली. एखादी गोष्ट छापून आलेली नसेल, पण कुणी तुम्हांला स्वतः सांगितली असेल, तर ती त्या माणसाच्या नावानं लिहिता येते. यादीत नोंद येत नाही, त्या वाक्यातच कंसात नाव येतं. मात्र बरीच जर्नलं त्या माणसाची लेखी संमती मागतात, सरांचं हे जर्नलही मागत होतं. मी हे सांगितलं तशी सरांची कळी खुलली. निबंधात एक वाक्य मुंग्यांबद्दल होतं. दुपारी ऊन चढलं की दवबिंदूच्या पानावरचा चिकटा वाळायला लागतो, आणि नेमक्या त्या वेळी मुंग्या येऊन त्यानं पकडलेली चिलटं पळवतात. निबंधाचा सगळा शेवट त्या वाक्यावर उभा होता.

"मुंग्या त्यानंच पहिल्यांदा बघितल्या," सर म्हणाले. "मी डबा सोडत होतो, त्यानं हाक मारली. त्याच्याच नावानं जाऊ दे." त्यांना तसं आठवत होतं की आठवून घ्यायचं होतं, मला सांगता येत नाही. संमतीचा कागद मी छापून घेतला. सर स्वतः जायला तयार नव्हते. "मला बघितलं तर दार लावून घेईल," म्हणाले. मग मीच गेले.

रविवार होता. सकाळी घरी बुद्धवंदना झाली, चहा झाला, आणि मी इचलकरंजीची बस धरली. तिथनं कबनूरला रिक्षानं. घर शोधायला काही लागलं नाही, गल्लीत शिरल्यावर मागांचा खडखडाटच रस्ता दाखवत होता. घराला लागूनच शेड, शेडमध्ये ओळीनं माग, आणि सगळ्यांवर, माणसांच्या भुवयांवरसुद्धा, कापसाची बारीक धूळ. दारातल्या खुर्चीवर कपाळाला विभूती लावलेले, बनियनमधले एक उंच गृहस्थ बसले होते.

"कोन पावणं?" ते ओरडले. तिथं सगळेच ओरडून बोलतात, त्याशिवाय ऐकूच जात नाही. आणि त्यांचे कान तर आयुष्यभर मागांपाशी बसून अधू झालेले. मी कॉलेजचं नाव सांगितलं. मग सरांचं सांगितलं. त्यांनी हात कानामागे नेला होता तो खाली घेतला.

"जिता हाय न्हवं?"

"हो हो, बरे आहेत."

"मग बसा की. सूनबाई, च्या टाक गं."

मी कागद पुढे केला आणि मागांच्या खडखडाटात, घसा ताणून, कंसातलं नाव आणि लेखी संमती हे सगळं समजावलं. मला स्वतःलाच ते फार हास्यास्पद वाटायला लागलं. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. इंग्रजी अगदी सराईत वाचत होते. वाचून झाल्यावर कागद चौकोनी घडी घालून माझ्या हातात दिला.

"सही करणार न्हाय."

"का हो?"

"खोटं हाय. मुंग्या त्यानंच बगितल्या. मी तवा कातळावर टोपी तोंडावर घिऊन आडवा पडलोतो. त्यानं लाथ घालून उठवलं मला."

"पण सर म्हणतात तुम्हीच..."

"म्हणू दे." ते खुर्चीतनं पुढे झुकले. "अक्का, आता ह्या मुंग्या दिऊन माझं नाव फिटतंय व्हय?"

मला हसू आलं, आणि हसल्याबरोबर लाज वाटली. ते मात्र शांतपणे माझ्याकडे बघत होते.

"नाव तवा पायजे होतं. आता घालून काय उपेग? माग काय निबंध वाचत्यात?" चष्मा काढत त्यांनी विचारलं, "त्यो अजून म्हणतोय का, संपादकानं गाळलं म्हणून?"

मी मूग गिळून बसले. हो म्हणणं खोटं, आणि नाही म्हणणं माझ्या अधिकारातलं नव्हतं. पण त्यांना कळायचं ते कळलं.

"मला कागूद नगो. तेवढं एक त्याच्या तोंडनं ऐकायचं हाय." मग सुनेनं चहा आणला आणि ते दवबिंदूबद्दल विचारायला लागले. अजून उगवतं का, त्या वरच्या तळ्यापाशी असतं का, गाड्या नेऊन लोकांनी सडा खराब केला म्हणतात ते खरं का. मला फारसं काही सांगता आलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी मनात वाक्यं जुळवत होते. सरांना हे सौम्यपणे कसं सांगायचं याची तयारी. पण राजारामपुरीत त्यांच्या समोर बसले, त्यांनी अधीरपणे "केली का सही?" विचारलं, आणि मी "नाही" म्हटल्यावर ते म्हणाले, "बरं, मग आपण असं करू, कंसात नुसतं..." आणि माझी सगळी तयारी हवेत गेली.

"सर, तुम्ही कंसात माफी मागताय."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"माफी मागायची तर जाऊन मागा. नोंदीत नाही, ऋणनिर्देशात नाही, कंसात नाही. त्यांना तुमच्या तोंडनं ऐकायचंय. आणि मुंग्या तुमच्याच आहेत, तुम्हीच लाथ घालून मित्राला उठवलं होतंत."

सर उठले आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. आता निघायचं हे मी स्वतःच ठरवलं आणि निघाले. ज्यांच्यामुळे आपण ताठ मानेनं उभे राहिलो त्यांना असं बोलायला नको होतं, असं वाटत होतं. आणि तरीही बोलले ते चूक होतं असं वाटत नव्हतं.

त्यानंतर सरांचा फोन नाही, मेल नाही. जर्नलनं दिलेली मुदत जवळ येत होती. मी रोज सकाळी मेल उघडून 'फायनल तीन' आली का बघायची. एकदा वाटलं, आपणच फोन करून सॉरी म्हणावं. मग वाटलं, कशाबद्दल? यादी माझ्याकडे पूर्ण तयार होती, त्या एका नोंदीवर खूण करायची तेवढी राहिली होती. आणि मग एके दिवशी ऐन कामाच्या गर्दीत फोन आला.

"ग्रंथपाल मॅडम, इचलकरंजीची बस कुठनं सुटते हो?"

अख्खं आयुष्य कोल्हापुरात काढलेल्या माणसाला हे माहीत नसणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "चला, मी येते."

निबंध पुढे रीतसर छापून आला. मुंग्यांचं वाक्य सरांचं स्वतःचं म्हणून गेलं, बिनकंसाचं. जुन्या टिपणाच्या नोंदीत एकच नाव आहे, जसं छापलं होतं तसं. कबनूरच्या त्या माणसाचं नाव निबंधात कुठंही नाही. ते मीच तपासलं आहे. आणि खरं सांगायचं तर, इतक्या वर्षांच्या नोकरीत एखादी नोंद बरोबर असूनही खूण करताना माझा हात जड झाला तो त्या एकाच वेळी.

पण त्याआधी आम्ही कबनूरला गेलो ते सांगायचं आहे. बसमध्ये सर खिडकीशी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर निबंधाचं घरी काढलेलं प्रिंटआउट. मी म्हटलं, "हे कशाला घेतलंत?" तर म्हणाले, "हातात काहीतरी असलेलं बरं." हातकणंगल्यापर्यंत कागदांचे कोपरे सरळ करत राहिले. मग अचानक म्हणाले, "त्याला दवबिंदूची बोंडं मोजायचा फार नाद. मी कंटाळायचो." रिक्षातनं उतरल्यावर गल्लीच्या तोंडाशी थांबले. मला वाटलं, आता मागे फिरतात. खडखडाटाकडे बघत त्यांनी दोन्ही हातांनी केस सारखे केले, आणि चालायला लागले.

ते गृहस्थ दारात त्याच खुर्चीवर होते. त्यांनी लांबूनच ओळखलं. उठले नाहीत, दारही लावलं नाही. सुनेला खुणेनं दुसरी खुर्ची मागवली. सर बसले नाहीत. ते मुळात हळू आवाजाचे, वर्गातसुद्धा मागच्या बाकाला ऐकू जायचं नाही. उभ्याउभ्याच पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलले.

समोरून हात कानामागे गेला. "आं?"

सर पुढे सरकले. "मी म्हटलं, संपादकानं गाळलं नव्हतं. मी घातलं नव्हतं तुझं नाव."

"मोठ्यानं बोल लेका. माग चालू हाईत."

शेडमधली दोन माणसं हातातलं काम सोडून बघायला लागली होती. सून दारात उभी. सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी तरी काय करणार होते? त्यांच्या हातातला निबंध पार चुरगळून गेला होता. त्यांनी श्वास घेतला, आणि त्या सगळ्या खडखडाटावर आवाज चढवून, मान लाल होईपर्यंत ओरडले, "मी काढलं तुझं नाव! टपालात टाकताना पान बदललं! संपादकाचं खोटं सांगितलं तुला! नोकरी तुझी होती, मी घेतली!"

एवढा मोठा आवाज सरांच्यात आहे हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. ओरडून झाल्यावरही ते तसेच उभे होते. डोळ्यांतनं पाणी येत होतं ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

त्या गृहस्थांनी कानामागचा हात काढला आणि बाजूची खुर्ची ओढून सरांच्या पायाशी आणली.

"बस," ते म्हणाले. "ऐकू आलं. पैल्या खेपेलाच आलतं."